पाठमोरा शिक्षक

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून कमी ऐकू येई. ओठांच्या हालचालींवरून ती शब्द ओळखायची. गणिताचे सर समोर बघून बोलत तोवर तिला सगळे कळे. ते फळ्याकडे वळले की तिच्यापुरता तास थांबे. घरी आल्यावर ती विचारी, "पाठमोरे असताना सर काय म्हणाले रे?" मला ते कधीच नीट आठवत नसे. पुढे काचेच्या उजळत्या फळ्याचा, म्हणजे लाइटबोर्डचा, इतिहास मी शोधू लागलो तो या प्रश्नापायी.

शिक्षकाची पाठ ही मोठ्या फळ्याची देणगी. धूळपाटी मांडीवर किंवा जमिनीवर असे. गुरुजी शेजारी बसून बोट धरून अक्षर गिरवून घेत. हिंदुस्थानातील मुले काळ्या पाट्यांवर पांढऱ्या द्रव्याने लिहितात, अशी नोंद अकराव्या शतकात अल्-बिरूनीने केली आहे. एकोणिसाव्या शतकात भिंतीवरचा फळा रुळला. एकाच वेळी साऱ्या वर्गाला अक्षर दिसू लागले. पण लिहिणाऱ्याला वर्गाकडे पाठ करावी लागली.

उजळत्या फलकाआडून लिहिण्याची निकड शाळेआधी युद्धनौकेला भासली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी युद्धनौकांवर रडारची माहिती मांडण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचे उभे फलक असत आणि ते कडेच्या दिव्यांनी उजळत. खलाशी फलकामागे उभे राहून तेलकट पेन्सिलीने लिहीत, समोरून अधिकारी वाचत. अधिकाऱ्याला सुलट दिसावे म्हणून खलाशाने आकडे नि अक्षरे उलटी काढायची! १९४९च्या एका लघुपटात बेल्जियन दिग्दर्शक पॉल हेसार्त्स यांनी पिकासोला पारदर्शक फलकावर रंगवताना पलीकडून टिपले. रेषा आणि ती काढणारा चेहरा एकाच चौकटीत आले.

यामागचे शास्त्र त्याहून जुने. १८४१ साली जिनिव्हात दानिएल कोलादों यांनी पाण्याच्या वाकत्या धारेत प्रकाश अडकवून दाखवला. काचेतही तसेच होते. कडेतून आत शिरलेला किरण पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ४२ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. जिथे शाई काचेला चिकटते तिथे मात्र त्याला वाट मिळते आणि अक्षर उजळते. बोटांचे ठसेही तितक्याच इमानाने उजळतात, म्हणून हा फळा सतत पुसावा लागतो.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मायकेल पेश्किन यांनी २०१३च्या सुमारास या साऱ्याची सांगड घातली: कडेने एलईडी लावलेली काच, चमकत्या शाईचे मार्कर, मागे काळा पडदा, समोर कॅमेरा. आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला. त्याच सुमारास सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात मॅट अँडरसन यांनीही असाच फळा घडवला. शिक्षक नेहमीसारखे लिहितो. कॅमेऱ्यापुढचा आरसा किंवा संगणक चित्र उलटवतो. खलाशाच्या माथी असलेले काम यंत्राकडे गेले. खूण एवढीच उरते, की उजवे शिक्षक डावखुरे दिसतात आणि बाईंचा पदर उजव्या खांद्यावर येतो.

असाच एका बाईंचा चित्रित तास मी बहिणीला दाखवला. समीकरण मांडतानाही त्यांचा चेहरा समोरच होता. तिने तो आवाज बंद करून पाहिला आणि शेवटपर्यंत तिला कळला. मग म्हणाली, "बाई सारखं माझ्याकडे बघतात. पण मी कुठे अडले, ते त्यांना दिसत नाही ना!"

तिचे खरे होते. समोर वर्ग बसवला तर त्याला काचेवरचे अक्षर उलटे दिसते. म्हणून बाईंसमोर बहुधा मुले नसतात, कॅमेऱ्याचे भिंग असते. धूळपाटीजवळच्या गुरुजींना मुलाचे अडलेले बोट हाताला कळत असे. शिक्षकाचा चेहरा वर्गाला परत मिळाला आहे. वर्गाचा चेहरा शिक्षकाला मिळायचा राहिला आहे.