बांटुलचे बळ

कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरून परतताना नारायण देबनाथ ह्यांना एक चित्रनायक सुचला आणि तेथल्या तेथे त्यांनी त्याचे नाव ठेवले 'बांटुल दि ग्रेट'. बंगालीत 'बांटुल' म्हणजे बुटका; नावातच विनोद आहे. १९६५ साली 'शुकतारा' ह्या बालमासिकात तो अवतरला, तेव्हा गुलाबी गंजीफ्रॉक आणि काळी आखूड चड्डी ल्यालेला हा रुंद छातीचा, अनवाणी गडी नुसता दांडगा होता; अजिंक्य नव्हता.

पुढे युद्ध पेटले. बांटुलला अभेद्य करा, असा आग्रह संपादक-प्रकाशकांनी धरला. देबनाथ कचरले, ह्यातून काही कायदेशीर बालंट येईल, अशी त्यांना धास्ती वाटली. आश्वासन मिळाल्यावर मात्र त्यांनी लेखणी उचलली, आणि रणगाडे-विमाने बांटुलपुढे खेळणी ठरली. गोळ्या त्याच्या अंगावरून उसळून परत जाऊ लागल्या.

अमेरिकेचा सुपरमॅन परग्रहावरून बळ घेऊन आला; बांटुलला ते संपादकीय मागणीतून मिळाले, हे मला अधिक मनोज्ञ वाटते. युद्ध सरले, बळ राहिले. परंतु जो हरणारच नाही, त्याची गोष्ट महिनोन् महिने रंगवावी कशी? देबनाथांपाशी भजा आणि गजा ही दोन वांड पोरे होती. ज्याच्यापुढे तोफ हतबल, त्याच्याच नाकी नऊ आणण्याचा उद्योग ती अखंड करीत.

कथा आणि चित्रे, दोन्ही देबनाथांचीच. मालिका दशकानुदशके चालली, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही हलूबोलू लागली. पद्मश्री मात्र त्यांना २०२१ साली, नव्वदी उलटून गेल्यावर लाभली. १८ जानेवारी २०२२ रोजी ते निवर्तले.