जाडीचा कायदा आणि रसायनाचा इतिहास : दिव्याच्या निमित्ताने

महाराष्ट्रातील प्लॅस्टिकविषयक निर्बंधांचा इतिहास हा बव्हंशी मायक्रॉनचा इतिहास आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तुंबलेल्या नाल्यांतून निघालेल्या पिशव्यांकडे त्यामुळे शासनाचे लक्ष गेले, आणि २००६ च्या नियमांनी ५० मायक्रॉनहून पातळ पिशवी निषिद्ध ठरली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदीची व्याप्ती वाढली. पुढे केंद्र शासनाने जाडीची किमान मर्यादा २०२१ साली ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉनवर नेली. पाण्याचा मार्ग अडविणारी वस्तू म्हणून पिशवीचा विचार झाला. ह्या वर्गातील वस्तूंमधून झिरपणारी द्रव्ये स्त्रीच्या शरीरात काय करतात, हा प्रश्न जाडीच्या मोजपट्टीत बसणारा नव्हता.

ह्या घोटाळ्याला भाषेचाही थोडा हातभार लागला आहे. ‘प्लॅस्टिक’ ह्या एकाच शब्दाने मराठी व्यवहारात परस्परांहून अत्यंत भिन्न अशा द्रव्यांचा निर्देश होतो. बाजारातील पिशवी बहुधा पॉलिथिलीनची असते. तिच्या घडणीस बिस्फेनॉल-ए लागत नाही, आणि तिला मऊपणा आणण्यासाठी थॅलेटचीही गरज नसते. पहिले द्रव्य पॉलिकार्बोनेटच्या कठीण बाटल्यांत व डब्यांच्या आतील इपॉक्सी लेपात आढळते, दुसरे मऊ पीव्हीसीत. रसायनदृष्ट्या जी वस्तू त्यातल्या त्यात कमी संशयास्पद, नेमकी तीच कायद्याच्या हाती प्रथम सापडली.

बिस्फेनॉल-एची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. रशियन रसायनज्ञ दियानिन यांनी ते १८९१ साली सिद्ध केले. १९३६ साली लंडनमध्ये डॉड्स व लॉसन यांनी बीजांडकोश काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांवर प्रयोग करून ह्या द्रव्याची क्रिया स्त्री-संप्रेरकासारखी होते, असे दाखविले. ते कृत्रिम संप्रेरकाच्या शोधात होते. १९३८ साली त्यांना त्याहून पुष्कळ प्रभावी असे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल मिळाले आणि बिस्फेनॉल-ए औषधशास्त्राच्या कडेला पडले. गर्भपात टळावा म्हणून पुढे हे नवे औषध अमेरिकेत असंख्य गर्भवतींना देण्यात आले. १९७१ साली बोस्टनच्या वैद्यांनी योनीचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भारपणी ते घेतले होते. गर्भावस्थेतील संप्रेरकसदृश द्रव्याचा परिणाम एक पिढी उलटल्यावर दिसू शकतो, ह्याचा हा ठळक मानवी पुरावा होय.

दरम्यान, १९५३ साली जर्मनी व अमेरिका येथे स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेटचा शोध लागला आणि बिस्फेनॉल-ए कारखान्यांत शिरले. सतरा वर्षांपूर्वीचा लंडनचा प्रयोग त्या वेळी मुद्रित रूपात उपलब्ध होता. वैद्यक आणि उद्योग ह्यांच्या ग्रंथालयांमधील भिंत मात्र चार दशके टिकली. १९९३ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांना प्रयोगशाळेतील फ्लास्क वाफेने निर्जंतुक करताना त्यांतून बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरते, असे आढळले. १९९८ साली क्लीव्हलंड येथे पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत चुकीच्या साबणाने पिंजरे खराब झाले आणि उंदरांच्या माद्यांच्या स्त्रीबीजांतील गुणसूत्रदोष एकदोन टक्क्यांवरून चाळीसपर्यंत गेले. दोन्ही ठिकाणी जुने ज्ञान अपघातानेच पुन्हा हाती आले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत गीता वनगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली उंदरांवरील असेच प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा विषय नर संततीची प्रजननक्षमता हा होता.

दिव्याकडे पाहिले म्हणजे ह्या इतिहासाचे दुसरे टोक दिसते. मुंब्रा व डोंबिवली ह्यांच्यामधील हे जंक्शन, भोवती खाडी, खाजणे आणि आगरी वस्तीची जुनी गावे. ठाणे महापालिकेचा कचरा येथे वर्षानुवर्षे पडत राहिला व पेटतही राहिला. पिशवी, वायरीचे आवरण, चपलेचा तळ, तुटका पाइप हे सारे एकाच आगीत जळते तेव्हा जाडीचा भेद उरत नाही. त्यांतील पीव्हीसीच्या क्लोरीनपासून अपुऱ्या ज्वलनात डायऑक्सिन बनते. १९९३ साली विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी डायऑक्सिन खाऊ घातलेल्या ऱ्हीसस माकडिणींत, गर्भाशयाचे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार मात्रेच्या प्रमाणात बळावतो, असे दाखविले. मानवी स्त्रियांबाबतचा पुरावा इतका एकमुखी नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि, धुराशेजारी राहणाऱ्या व कचरा निवडणाऱ्या स्त्रीने तो एकमुखी होईपर्यंत थांबावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येत नाही.

रसायनाकडे कायदा वळला तो तान्ह्या मुलांच्या निमित्ताने. कॅनडाने २००८ साली दूध पाजण्याच्या बाटल्यांतील बिस्फेनॉल-एविरुद्ध पाऊल उचलले, आणि भारतीय मानकाने २०१५ साली ते त्या बाटल्यांपुरते वर्ज्य केले. युरोपने २०२४ च्या डिसेंबरात अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंवर व्यापक बंदी घातली. दिव्यात कचरा टाकणे २०२३ साली थांबले. डायऑक्सिन मात्र मानवी मेदात साठते, ७ ते ११ वर्षांत जेमतेम निम्मे होते, आणि मातेच्या स्तन्यातून अपत्याकडे जाते.