जुनी स्कूटर नवीपेक्षा महाग का होती?

फेरारी 250 जीटीओ या इटालियन स्पोर्ट्‌स कार 1962 ते 1964 या काळात अवघ्या 36 बनल्या. तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे 300 अश्वशक्ती. 2018 साली अमेरिकेतल्या एका लिलावात त्यातली एक 4 कोटी 84 लाख डॉलरला विकली गेली. तिच्याहून वेगवान गाड्या आज कितीतरी आहेत. एवढा पैसा मोजला जातो तो तिच्या दुर्मिळपणासाठी.

फेरारी आपल्या मोहल्ल्यात कुणी पाहिली नाही. पण इटलीतूनच आलेलं एक वाहन आपल्याकडे होतं आणि तेही जुनं झाल्यावर नव्याच्या सरकारी किमतीपेक्षा महाग विकलं जाई. ते म्हणजे बजाजची स्कूटर.

तिचं मूळ पियाजिओ कंपनीच्या व्हेस्पात आहे. ही कंपनी आधी विमानं बनवायची. युद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला, तेव्हा लोकांना परवडेल असं वाहन काढायचं ठरलं. हेलिकॉप्टरवर काम केलेला अभियंता कोरादिनो दास्कानियो याने 1946 मध्ये व्हेस्पाचा आराखडा दिला. परवाना घेऊन बजाजने पुण्याजवळ आकुर्डीला ती बनवायला सुरुवात केली. 1971 मध्ये करार संपला आणि पुढच्या वर्षी तीच घडण ‘चेतक’ नावाने आली. 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर, पत्र्याचा मजबूत सांगाडा, मागे स्टेपनी. ताकद जेमतेम सात-आठ अश्वशक्ती. किक मारून चालू झाली नाही, तर आडवी करून परत उभी करायची. पण अख्खं कुटुंब तिच्यावर बसून ईदगाहला जाई.

फेरारी कमी होत्या, कारण त्या मोजक्याच बनवल्या गेल्या. चेतक कमी होती, कारण किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत होतं. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत, काही ठिकाणी दहा-दहा वर्षं. त्यामुळे नंबर लागलेला माणूस गाडी घरी आणण्याआधीच नफ्यात असे.

या तुटवड्याचा भार सगळ्यांत जास्त कुणी वाहिला? माझ्या मते, मुलीच्या बापाने. लग्नाच्या बोलणीत ‘स्कूटर’ हा शब्द हळूच यायचा. आपल्याकडे निकाहात मेहर ठरतो. तो नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो, तिचा तो हक्क आहे. तो चारचौघांत नाममात्र लिहिला जाई आणि स्कूटरची बोलणी मात्र आतल्या खोलीत होत. देणं नवऱ्याकडून बायकोकडे जायला हवं होतं, ते उलट्या दिशेने वाहू लागलं.

एक योगायोग पाहा. 1960 साली सरकारने स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं. 1961 साली हुंडाबंदीचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येतून मेहर स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे मेहर आणि हुंडा यांतला फरक कायद्याला नीट कळला होता. पहिल्या आदेशाने गल्लोगल्ली प्रतीक्षा यादी लागली. दुसरा कायदा बहुतेक घरांत कागदावरच राहिला.

पुढे 1985 मध्ये आपल्या शहराशेजारी वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला. तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच सुमारास जपानी सहकार्याच्या मोटारसायकली बाजारात आल्या. 1991 नंतर परवान्यांचं राज्यही सैल झालं. रांग संपली आणि रांगेबरोबर चेतकची किंमतही गेली. ज्या गाडीसाठी कर्ज काढलं होतं, ती भंगारवाल्याने किलोवर नेली. 2009 च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता हौशी लोक त्याच चेतक शोधून, रंगवून, चांगल्या दामाने विकतात.

स्कूटर मुबलक झाली, पण मागणी थांबली नाही. बोलणीत स्कूटरच्या जागी मोटारसायकल आली, मग कार आली. म्हणजे दोष फक्त तुटवड्याचा नव्हता. गाडीचा भाव बाजार ठरवतो. मुलीच्या बापाकडे ती मागायची की नाही, हे मात्र आपणच ठरवतो. पुढच्या निकाहाच्या बोलणीत आपल्यापैकी कुणी बसलं, तर आधी मेहर विचारावा.