कीबोर्डखालचा दिवा आणि लिनक्स कर्नल: ड्रायव्हरमधला बदल कसा तपासतात?

रात्री लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं आणि कीबोर्ड उजळला. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, की कधीकधी हा दिवा लागतच नाही. मग कुणीतरी पाच-पन्नास ओळींचा कोड लिहून लिनक्सच्या कर्नलमध्ये घालायला पाठवतं. या ओळी आत जाण्याआधी बारकाईने तपासल्या जातात. एका दिव्यासाठी इतकं का? समजून घेऊया.

दिव्याला ड्रायव्हर कशाला?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाष्या. बहुतेक लॅपटॉपमध्ये कीबोर्डचा दिवा एक छोटी चिप सांभाळते. तिला आज्ञा द्यायची ती लॅपटॉपच्या फर्मवेअरमार्फत. पण कोणती आज्ञा, कोणता आकडा, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं आणि त्याची माहिती अनेकदा जाहीर नसते. म्हणूनच लिनक्समध्ये थिंकपॅड, डेल, असूस यांच्यासाठी वेगवेगळे ड्रायव्हर आहेत. अनेकदा हौशी लोक स्वतःच्या लॅपटॉपचं फर्मवेअर वाचून ही आज्ञा शोधून काढतात.

तपासणी कोण करतं?

कोडमधला बदल ‘पॅच’ म्हणून पाठवला जातो. बदल काय आणि कशासाठी, हे त्यात लिहावं लागतं. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी नावानिशी ओळ लागते. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. ही पद्धत 2004 पासून आहे. कर्नलच्या त्या भागाचा मेंटेनर आणि इतर जाणकार पॅच उघडपणे वाचतात, शंका विचारतात. मग दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती अशी दुरुस्ती चालते.

नेमकं काय पाहतात?

1. लॅपटॉप नीट ओळखला का? ड्रायव्हर मशीनमध्ये नोंदवलेलं मॉडेलचं नाव पाहतो किंवा ही सोय आहे का, असं फर्मवेअरलाच विचारतो. ओळख फार ढोबळ असेल, तर भलत्याच मॉडेलवर भलतीच आज्ञा जाऊ शकते.

2. ठरलेली वाट वापरली का? लिनक्समध्ये छोट्या दिव्यांसाठी ‘एलईडी क्लास’ ही सामाईक व्यवस्था आहे. दिव्याच्या नावात ‘केबीडी_बॅकलाइट’ असेल, तर ‘यूपॉवर’ ही सेवा तो ओळखते आणि डेस्कटॉपवर प्रकाश कमी-जास्त करण्याची पट्टी दिसू शकते. रंगीत दिव्यांसाठी 2020 मध्ये, कर्नल 5.9 पासून, बहुरंगी एलईडीची वेगळी सोय आली. ही वाट सोडून कुणी स्वतःच्याच नावाची नवी फाईल बनवली, तर हमखास प्रश्न येतो. कारण एकदा लोकांचे प्रोग्रॅम त्या फाईलवर चालू लागले, की ती काढणं अवघड. वापरकर्त्यांचे चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा कर्नलचा जुना नियम आहे.

3. दोघांनी एकदम आज्ञा दिली तर? आज्ञा दोन टप्प्यांची असेल आणि मध्येच दुसरा प्रोग्रॅम घुसला, तर घोळ होतो. त्यासाठी कोडमध्ये ‘लॉक’ लागतं. आज्ञा फसली, तर ड्रायव्हरने तसं सांगितलंही पाहिजे.

4. बटण दाबल्यावर फर्मवेअरने परस्पर दिवा बदलला तर? हे डेस्कटॉपला कळायला हवं. त्याची सोय 2017 मध्ये, कर्नल 4.11 पासून आहे.

5. लॅपटॉप झोपून उठल्यावर दिवा पूर्वीसारखा लागतो का?

एवढी काळजी का?

2013 ची गोष्ट. सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू केलं आणि ते पुन्हा चालूच होईनात. संशय ‘सॅमसंग-लॅपटॉप’ या ड्रायव्हरवर गेला. कीबोर्डच्या दिव्यासारख्या सोयी सांभाळणारा हा ड्रायव्हर मेमरीच्या विशिष्ट जागेशी थेट बोलत असे. नव्या मशीनवर त्यातून हार्डवेअरची चूक उद्भवली. कर्नलने तिची नोंद यूईएफआयच्या साठ्यात लिहिली आणि तो साठा भरल्यावर फर्मवेअर अडकून बसलं. पुढे दिसून आलं, की विंडोजमधूनही तो साठा भरला तर असंच होऊ शकतं. म्हणजे मूळ दोष फर्मवेअरमध्ये होता. तरीही यूईएफआयने सुरू झालेल्या मशीनवर हा ड्रायव्हर चालू नये, असा बदल कर्नलमध्ये केला गेला. दोष कुणाचाही असो, बंद पडला तो वापरणाऱ्याचा लॅपटॉप.

कर्नलमधला ड्रायव्हर सर्वोच्च अधिकाराने चालतो. साध्या ॲपची चूक ॲपपुरती राहते. ड्रायव्हरची चूक पूर्ण मशीनला भोवू शकते.

तुमचा दिवा लागत नसेल तर?

आधी ‘/सिस/क्लास/एलईडीज’ या फोल्डरमध्ये ‘केबीडी_बॅकलाइट’ असलेलं नाव दिसतं का ते पाहा. नसेल, तर बहुधा तुमच्या मॉडेलचा आधार अजून कर्नलमध्ये नाही. नवीन कर्नल वापरून पाहा. साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. तक्रार नोंदवताना लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि कर्नलची आवृत्ती लिहा. कुणी पॅच तयार केला असेल, तर तो तुमच्या मशीनवर चालला की नाही हे कळवा. अशा चाचणीची पॅचमध्ये ‘टेस्टेड-बाय’ म्हणून नोंद होते.

आणि एक जपा: एखाद्या व्हिडिओत किंवा पोस्टमध्ये चिपला थेट आकडे लिहिणारी कमांड दिसली, तर ती तुमच्याच मॉडेलसाठी आहे याची खात्री नसताना चालवू नका. तपासणीत सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: हे नक्की याच मशीनसाठी आहे ना?