पंचेचाळिसाव्या रेखांशापलीकडचा कुपा

अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना हा आपल्या कुपा-गेदरांचाच भाऊबंद, फक्त वजन कित्येकशे किलोंचं. त्याच्या पकडीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘आयकॅट’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भर समुद्रात 45 अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास सीमा आखली. पश्चिमेचे मासे मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारे, पूर्वेचे भूमध्य समुद्रात, असं धरून. पश्चिमेला कडक कोटा लागला. पूर्वेला 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकूण पकडीला मर्यादाच नव्हती. मासे ही रेषा ओलांडतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. अमेरिकेतल्या वुड्स होलच्या फ्रँक मॅथर यांनी 1954 पासून माशांना साध्या खुणेच्या पट्ट्या टोचल्या होत्या आणि बहामाजवळ सोडलेले मासे नॉर्वेत सापडले होते. पण अशी पट्टी दोनच ठिकाणं सांगते, सोडल्याचं आणि पकडल्याचं. मधला प्रवास कोराच, म्हणून तो अपवादाच्या खात्यात टाकणं सोपं गेलं.

1996 पासून संशोधक बार्बरा ब्लॉक यांच्या गटाने माशाच्या पोटात नोंदयंत्र शिवायला सुरुवात केली, तेव्हा तो कोरा भाग भरू लागला. यंत्राची बारीक दांडी कातडीबाहेर राहते आणि उजेड टिपते. दिवस किती मोठा यावरून अक्षांश, माध्यान्ह कधी यावरून रेखांश. विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळीकडे सारखाच, तेव्हा अक्षांशाचा हिशेब फसतो. मग पाण्याच्या तापमानाचा आधार घ्यावा लागतो. उत्तर कॅरोलायनाजवळ खूण केलेले काही मासे विणीसाठी थेट भूमध्य समुद्रात गेलेले दिसले. म्हणजे अमेरिकी जाळ्यात येणारा मासा जन्माने अमेरिकी असेलच असं नाही.

नमुना लहान आहे, आणि खुणा ठरावीक किनाऱ्यांवरच केल्या, हा आक्षेप खराच आहे. मात्र कुंपण अभेद्य नाही एवढं दाखवायला थोडे मासेही पुरतात. किती टक्के ओलांडतात, हे त्यांच्या जोरावर सांगता येत नाही. तिथे माशाच्या कानातला चुन्याचा खडा उपयोगी पडला. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जन्मस्थळ ओळखता येतं, आणि त्यानेही सरमिसळच दाखवली.

तरी आयोगाची पकड ठरवण्याची पद्धत बदलायला 2022 साल उजाडलं. नव्या पद्धतीची पारख करणाऱ्या गणितात ही सरमिसळ धरलेली आहे. कोटे मात्र अजून दोनच, पूर्वेचा वेगळा आणि पश्चिमेचा वेगळा.