सोऱ्याचे जिवाणू, सांडपाणी आणि येरमाळ्याची चुनखडी

१/ येरमाळा (ता. कळंब, जि. धाराशिव) येथील येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. हीच साधी चुनखडी १८७७ साली फ्रान्समधील एका प्रयोगात सांडपाण्याचे मोठे कोडे सोडविताना उपयोगी पडली.

२/ थिओफिल श्लोझिंग व आशिल म्युंत्स यांनी भाजलेली वाळू आणि चुनखडीची भुकटी काचेच्या नळीत भरून त्यातून सांडपाणी झिरपू दिले. सुमारे २० दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली, मातीचे धुवण घालताच पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते. त्यातून उपजणारे आम्ल चुनखडी शमवीत होती.

३/ परांड्याच्या किंवा नळदुर्गच्या तोफांना लागणाऱ्या दारूतील सोरा हाही नायट्रेटच. मलमूत्र मुरलेल्या जुन्या वस्त्यांच्या मातीत तो अशाच जिवाणूंमुळे तयार होई. शतकानुशतके माणसाने त्यांची कमाई वापरली. कमावणारा मात्र अज्ञात राहिला.

४/ १८८२ साली बोर्दो येथे युलिस गायों व गाब्रिएल द्युप्ती यांनी उलट काम करणारे जिवाणू दाखविले. प्राणवायू नसेल तेथे हे जीव नायट्रेटमधील प्राणवायू श्वसनासाठी वापरतात आणि नायट्रोजन वायुरूपाने हवेत परत जातो. या क्रियेस त्यांनी ‘डीनायट्रिफिकेशन’, म्हणजे विनायट्रीकरण, हे नाव दिले.

५/ १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून जिवाणूंचा गाळ पोसण्याची पद्धत मांडली. हवेच्या टाकीत अमोनियाचे नायट्रेट होते. पण नायट्रेट पाण्यातच राहते. म्हणून १९६२ साली लुडझॅक व एटिंगर यांनी आधी बिनहवेची टाकी ठेवण्याची रचना सुचविली. पुढच्या टाकीतील नायट्रेटयुक्त पाणी मागे आणले, की सांडपाण्यातील सेंद्रिय घाण हेच तेथील जिवाणूंचे अन्न ठरते.

६/ ही टाकी का महत्त्वाची? १९४५ साली अमेरिकेतील डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे तान्ही बाळे निळी पडत असल्याचे दाखविले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. ते डोळ्यांस दिसत नाही आणि पाणी उकळून जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

७/ सोरा देणारे जीव आणि तो हिरावून घेणारे जीव एकाच मातीत नांदतात. एकास हवा द्यावी, दुसऱ्यास ती नाकारावी, एवढेच माणसाच्या हाती असते. आणि त्यावरच गावच्या विहिरीचे पाणी अवलंबून असते.