प्रल्हाद शिंदे : कोरसमधून घराघरांत

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत भीमजयंतीला आजही घुमणारा आवाज म्हणजे लोकगायक प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४). मूळ गाव मंगळवेढा. सुरुवातीला ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये गात. पुढे स्वतः मुख्य गायक झाले. वस्तीतल्या मंचावरचा हा आवाज रेकॉर्ड आणि कॅसेटमुळे राज्यभर पोहोचला. भीमगीतांइतकीच त्यांची विठ्ठलगीतेही गाजली. मुलगे आनंद व मिलिंद आणि नातू आदर्श यांनी हा वारसा पुढे नेला.

मात्र गायन पार्टी एकट्या गायकाची नसते. ढोलकी, बेंजो, कोरसवाल्यांची नावे सहसा विस्मरणात जातात. म्हणून तरुण गायक-वादकांना आम्ही सांगतो : जयंतीच्या पत्रकावर गीतकारासह प्रत्येक साथीदाराचे नाव छापा. उद्याचा प्रल्हाद शिंदे कदाचित कोरसमध्येच उभा असेल.